अडचणीतल्या घरांची विकतची यादी आणि फिलाडेल्फियाचा फुकटचा नकाशा : दहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

सप्टेंबर २०२४ ते जून २०२५ असे दहा महिने मी एक सशुल्क सेवा वापरली. अडचणीत आलेली, परंतु अद्याप विक्रीला न लागलेली घरे शोधून देणे आणि त्यांच्या मालकांचे फोन नंबर पुरवणे हे तिचे काम. अमेरिकेत घरांमध्ये पैसे गुंतवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत या सेवांची चर्चा हल्ली फार आहे. मागच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभी असतानाही दोघांनी मला त्याविषयी विचारले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण याच धर्तीच्या आणखी दोन सेवा मी चाचणीपुरत्या वापरून पाहिल्या आणि ज्या उणिवा पुढे सांगणार आहे, त्या तिन्हींत थोड्याफार फरकाने सारख्याच होत्या. फिलाडेल्फिया महानगरपालिकेचा 'अॅटलस' नावाचा नकाशा मात्र मी नावानिशी सांगणार आहे, कारण या दहा महिन्यांत माझे खरे काम त्याने केले आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आमचे काम लहान आहे. मी आणि माझे यजमान शहराबाहेर एक्स्टनला राहतो, दोघेही नोकरी करतो, आणि शहरातली जुनी रो हाऊस घेऊन, दुरुस्त करून भाड्याने देतो. आजवर अशी तीन घरे झाली. पहिली दोन दलालामार्फत, म्हणजे एमएलएसच्या (विक्रीला लागलेल्या घरांच्या, दलालांच्या सामाईक) यादीतून घेतली. त्या यादीत घर आले की पहिल्याच शनिवार-रविवारी पंधरा-वीस जण ते पाहून जातात आणि दुरुस्तीचा खर्च धरून जो भाव परवडतो त्याच्या वर बोली जाते. म्हणून, जे घर यादीत येण्याआधीच मालकाला नकोसे झाले आहे त्याच्यापर्यंत थेट पोहोचावे, या विचाराने आम्ही ही सेवा घेतली. वर्गणी महिन्याला ९९ डॉलर, मालकाचा फोन शोधून देण्याचे दर नावामागे १२ सेंट वेगळे, आणि त्यांच्यामार्फत छापील कार्डे पाठवायची असतील तर त्याचे पैसे आणखी वेगळे.

आधी ही यादी तयार कशी होते ते सांगते, कारण बहुतेक ग्राहकांना ते ठाऊक नसते आणि विकणारेही स्पष्ट सांगत नाहीत. खरेदीखते, गहाणखते, मालमत्ता कराची थकबाकी, न्यायालयात दाखल झालेले जप्तीचे दावे, इमारत विभागाच्या नोटिसा हे सगळे अमेरिकेत सार्वजनिक दप्तर आहे. काही मोठ्या माहिती-कंपन्या काउंटी-काउंटीतून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ते घाऊक उचलतात, आणि आपल्याला ॲप विकणारे त्यांच्याकडून ते घेतात. त्यात टपाल खात्याची एक खूण मिसळली जाते : एखाद्या पत्त्यावर नव्वद दिवस कोणी राहत नसल्याचे पोस्टमनला आढळले, तर तो पत्ता 'रिकामा' म्हणून नोंदवला जातो. मग मालकाचे टपाल दुसऱ्या राज्यात जाते का, मालकी किती वर्षे जुनी आहे, घरावर गहाणाचा बोजा उरला आहे का, हे सर्व मोजून प्रत्येक घराला शंभरपैकी गुण दिले जातात. कल्पना वाईट नाही. परंतु सरकारी दप्तरातून निघालेली माहिती इतके हात फिरून ग्राहकाच्या फोनवर येईपर्यंत तिला काही महिने लागतात, आणि अडचणीतल्या घराच्या बाबतीत काही महिने हा फार मोठा काळ असतो.

मी फिलाडेल्फियातल्या ओल्नी आणि जर्मनटाऊन या दोन भागांसाठी पहिली यादी काढली, तेव्हा ८० च्या वर गुण असलेली ४१२ घरे आली. त्यांतली पहिली साठ मी एकेक करून महानगरपालिकेच्या संकेतस्थळांवर तपासली. नऊ घरे आधीच विकली गेली होती, त्यांतले एक तर फेब्रुवारीत. मी यादी काढली सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तेरा घरांवर जी थकबाकी दाखवली होती ती शहराच्या कर खात्याच्या पानावर शून्य होती. फिलाडेल्फियात वर्षाचा मालमत्ता कर ३१ मार्चपर्यंत भरायचा असतो, आणि एप्रिलमध्ये उचललेल्या माहितीत, उशिरा पण दंडासहित कर भरलेली माणसेही थकबाकीदार म्हणून अडकून राहिलेली असावीत, असा माझा तर्क आहे. चार ठिकाणी मी प्रत्यक्ष गेले तेव्हा 'रिकाम्या' घरांच्या खिडक्यांत पडदे होते आणि पोर्चवर मुलांच्या सायकली होत्या. साठांपैकी निम्म्याहून थोडी अधिक घरेच खरोखर विचार करण्याजोगी निघाली.

आता अॅटलसविषयी. पत्ता टाकला की एकाच पानावर त्या घराची मूल्यांकनाची रक्कम, आजवरच्या खरेदीखतांची यादी तारीख आणि दोन्ही पक्षांच्या नावांसहित, बांधकाम परवाने, इमारत विभागाच्या नोटिसा, झोनिंग (त्या जागेवर काय बांधता येते याचे नियम), आणि त्या गल्लीचे छायाचित्र असे सर्व उघडते. मूल्यांकन कार्यालयाच्या स्वतंत्र पानावर मालकाचे नाव आणि त्याचा टपालाचा पत्ताही मिळतो. प्रत्येक मिळकतीला नऊ अंकी क्रमांक आहे. तो कर खात्याच्या पानावर टाकला की कोणत्या वर्षाचा किती कर बाकी आहे ते दिसते, आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. प्रत्यक्ष खरेदीखताची प्रत वाचायची असेल तर दप्तर विभागाच्या दुसऱ्या पानावर पैसे भरावे लागतात, एवढीच एक मर्यादा. आपल्याकडे मिळकत पत्रिका, फेरफार, घरपट्टीची पावती आणि सर्च रिपोर्ट यांसाठी जी चार-पाच कार्यालये पालथी घालावी लागतात, ती सवय असलेल्या माणसाला हे पान पहिल्यांदा उघडल्यावर विश्वास बसत नाही. मी तरी रात्री एक वाजेपर्यंत बसून राहिले होते.

इमारत विभागाच्या नोटिसांची भाषा शिकून घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. 'अनसेफ' आणि 'इमिनंटली डेंजरस' या दोन शेऱ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात मालकाला दुरुस्तीची संधी असते. दुसरा शेरा पडलेले घर केव्हाही कोसळू शकते असे शहराचे म्हणणे असते, आणि मालकाने हालचाल केली नाही तर शहर ते स्वतः पाडून खर्चाचा बोजा मिळकतीवर चढवू शकते. रो हाऊसच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे एका घराचे छत बसले की तिघांच्या घरात पाणी येते. विकतच्या यादीत या दोन्ही शेऱ्यांना 'नोटीस आहे' एवढ्या एकाच खुणेत बसवलेले होते.

ओल्नीतल्या एका घराला यादीने ९४ गुण दिले होते. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी मी ते पाहायला गेले. दुमजली, विटांचे, साधारण पंधरा फूट रुंद, पुढे लोखंडी कठड्याचा पोर्च. दाराच्या काचेवर चिकटवलेली महानगरपालिकेची नोटीस उन्हाने इतकी फिकटली होती की तारीख वाचता येत नव्हती. वरच्या पन्हळीच्या सांध्यातून हातभर उंचीचे झाड वर आले होते. त्याला इथे 'ट्री ऑफ हेवन' म्हणतात. आपल्या महारुखाचा हा भाऊबंद मूळचा चीनचा, आणि अमेरिकेत तो पहिल्यांदा लावला गेला तो १७८४ मध्ये याच शहरातल्या एका बागेत. वाड्याच्या भिंतीत पिंपळ रुजला की घर गेले असे आमची आजी म्हणत असे. फिलाडेल्फियात मी तेवढ्याच भीतीने या झाडाकडे पाहते. दाराच्या फटीत 'रोख पैसे, सात दिवसांत व्यवहार' असे छापलेली सहा कार्डे अडकवलेली होती. सहाही वेगवेगळ्या माणसांची होती, पण घरमालकिणीच्या नावातली एक चूक सहाही कार्डांवर सारखीच होती, आणि तीच चूक माझ्या यादीतही होती. मी जे विकत घेतले होते ते किमान सहा जणांनी माझ्याआधी विकत घेतले होते, हे मला त्या पोर्चवर कळले.

यादीप्रमाणे मालकीण ९१ वर्षांची, हयात, आणि टपालाचा पत्ता तोच. समोरच्या घरातल्या आजी कचऱ्याचा डबा आत नेत होत्या. मी माझे नाव, मी कुठून आले आणि का आले, हे सांगितले. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ती बाई जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी येते महिन्यातून एकदा. पोर्च झाडते, टपाल घेऊन जाते. तुम्हाला तिच्याशी बोलायचं असेल तर चिठ्ठी द्या, मी देईन. नंबर नाही देणार." मी तिथेच पायरीवर बसून चिठ्ठी लिहिली.

दहा दिवसांनी मुलीचा फोन आला. बाई साठीच्या. बोलणे सावध, पण नम्र. अॅटलसवर १९८१ चे खरेदीखत आई-वडिलांच्या नावाचे होते आणि त्यानंतर काहीच नव्हते. आईने मृत्युपत्र केले नव्हते. मुलगी म्हणाली, "कर तर आम्हीच भरतो, मग घर आमचंच आहे ना?" हे वाक्य ऐकून मी थबकले, कारण वाईच्या आमच्या घराबाबत हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या मिळकत पत्रिकेवर आजही पणजोबांचे नाव आहे, काका दरवर्षी घरपट्टी भरतात, पावत्या पत्र्याच्या पेटीत नीट ठेवतात, आणि वारस नोंद मात्र 'पुढच्या मे महिन्यात' होणार असते.

याला फिलाडेल्फियात 'टँगल्ड टायटल' म्हणतात, म्हणजे ज्याचे ते आहे त्याचे नाव कागदावर नसलेले घर. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स या अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात शहरातल्या अशा घरांची संख्या १०,४०७ असल्याचा अंदाज दिला होता आणि त्यांची एकत्रित किंमत १.१ अब्ज डॉलरहून अधिक सांगितली होती. अशा घराच्या वारसाला दुरुस्तीसाठी कर्ज मिळत नाही, विम्यात अडचण येते, कराच्या सवलती मिळवणे अवघड जाते आणि खोटे खरेदीखत करून घर लाटणाऱ्यांचे फावते. यादीतले '९४ गुण' म्हणजे प्रत्यक्षात एका कुटुंबाची न झालेली वारस नोंद होती. त्या मुलीला घर विकायचेच नव्हते, तिच्या मुलाला तिथे राहायला यायचे होते. मी तिला सिटी हॉलमधल्या मृत्युपत्र निबंधकांच्या कार्यालयाविषयी, 'फिलाडेल्फिया व्हीआयपी' या संस्थेमार्फत मिळणाऱ्या विनामूल्य वकिलांविषयी आणि याच कामासाठी असलेल्या टँगल्ड टायटल निधीविषयी सांगितले. दप्तर विभागाची 'डीड फ्रॉड गार्ड' नावाची फुकट सूचना-सेवाही तिच्या फोनवर आम्ही दोघींनी मिळून सुरू केली. तिच्यात नोंदवलेल्या नावाने कुठलाही दस्त दाखल झाला की ईमेल येतो. माझा यात व्यवहार झाला नाही आणि त्याचे मला दुःख नाही. ज्या सेवेला हयात आणि मृत माणूस ओळखता येत नाही तिने मालकाचे वय छापावे, याचे मात्र मला आजही वाईट वाटते.

फोन नंबर शोधून देण्याच्या सोयीला इथे 'स्किप ट्रेसिंग' म्हणतात. पूर्वी कर्ज बुडवून गायब झालेल्या माणसाला हुडकण्यासाठी वसुलीवाले हे करत. एका नावामागे तीन ते पाच नंबर येतात. त्यांत जुने बंद पडलेले, भावजयीचे, सारख्या नावाच्या परक्या माणसाचे असे सगळे मिसळलेले असतात. मी पहिल्या दीडशे नावांसाठी पैसे भरले आणि नोव्हेंबरभर संध्याकाळी एक तास फोन केले. योग्य माणसाशी बोलणे झाले ते सतरा वेळा. त्यांतले एक बोलणे मी येथे लिहिते. यादीत 'प्री-प्रोबेट' नावाचा एक गट होता. मालकाचे निधन नुकतेच झाले आहे आणि वारसांचे प्रकरण अजून दाखल व्हायचे आहे, अशी ती घरे. मला वाटले होते की 'नुकतेच' म्हणजे वर्षभरापूर्वी. फोन उचलणाऱ्या मुलीने मला सांगितले की वडील जाऊन एकोणीस दिवस झाले आहेत, आणि घर विकता का असे विचारणारा त्या आठवड्यातला हा तिला आलेला चौदावा फोन आहे. तिने आवाज चढवला नाही. मी क्षमा मागितली, तिचा नंबर माझ्या यादीतून काढते असे सांगितले आणि फोन ठेवला. आपल्याकडे तेरावा होईपर्यंत घरादाराच्या वाटणीचे बोलणेसुद्धा कोणी काढत नाही. मी मात्र परक्या देशात, परक्या घरात, दुःखाच्या तिसऱ्या आठवड्यात भाव विचारला होता. तो गट मी त्याच रात्री पुसून टाकला. सेवेच्या ग्राहक विभागाला पत्र लिहून विचारले की किमान सहा महिने उलटलेली नावेच दाखवण्याची सोय आहे का. उत्तर आले की असे गाळण उपलब्ध नाही आणि लवकर संपर्क करणाऱ्यांनाच यश मिळते.

कायद्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण ॲपमध्ये एकाच वेळी शेकडो मजकूर-संदेश पाठवण्याचे बटण असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत जबाबदारी ग्राहकाची असे लिहिलेले असते. १९९१ चा दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायदा, म्हणजे टीसीपीए, नियमबाह्य अशा प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर आणि जाणूनबुजून केल्याचे ठरले तर १,५०० डॉलरपर्यंत भरपाई देववतो. राष्ट्रीय 'डू नॉट कॉल' यादी २००३ पासून आहे. घर 'विकत घेण्यासाठी' केलेल्या फोनला त्या यादीचे बंधन किती लागू पडते यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, आणि अनेक प्रशिक्षक त्या वादाचा आधार घेऊन खुशाल फोन करा असे शिकवतात. परंतु यंत्राने लावलेल्या आणि आधी ध्वनिमुद्रित केलेल्या फोनसाठी मोबाइलवर पूर्वसंमती लागते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला आवाजही त्यातच मोडतो, असे एफसीसीने, म्हणजे केंद्रीय दूरसंचार आयोगाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्या सेवेने जानेवारीत 'तुमच्याच आवाजात बोलणारा सहायक' अशी नवी सोय आणली तेव्हा तिच्या जाहिरातीत याचा उल्लेख नव्हता. मी ती वापरली नाही. आणखी एक छोटी, पण कामाची गोष्ट : तिकीट न लावलेला कागद कोणाच्याही टपालपेटीत टाकणे केंद्रीय कायद्याने मना आहे. सेवेच्या शिकवणीच्या चित्रफितीत मात्र गल्लीतून चालत चालत पेट्यांत पत्रके टाकायला सांगितले होते.

डिसेंबरपासून मी फोन बंद केले आणि फक्त पत्रे लिहिली. हाताने, साध्या पांढऱ्या कागदावर, ७३ सेंटचे तिकीट लावून, मूल्यांकन कार्यालयाच्या पानावर दिलेल्या टपालाच्या पत्त्यावर. सेवेची तयार कार्डे मी दोन महिने पाठवून पाहिली होती. पिवळा रंग, हस्ताक्षरासारखा छापलेला टाइप, आणि 'मी तुमच्या शेजारचीच आहे' असे धादांत खोटे वाक्य. त्यांना एकही उत्तर आले नाही. माझ्या पत्रात मी आठ-नऊ ओळीच लिहीत असे. मी कोण, तुमचा पत्ता मला शहराच्या सार्वजनिक नोंदीतून मिळाला, मी घर स्वतः विकत घेते आणि पुढे कोणाला साठेखत विकत नाही, तुम्हाला विकायचे नसेल तर हे पत्र फाडून टाका, मी पुन्हा लिहिणार नाही. त्याखाली एक वेगळा परिच्छेद : घरावर कर किंवा कर्ज थकले असेल तर विकण्याआधी 'सेव्ह युअर होम फिली' या मदतवाहिनीला फोन करा, तिथे समुपदेशक आणि वकील फुकट मिळतात, राहत्या घराच्या थकीत करासाठी शहराची हप्त्यांची योजना आहे, आणि कर्जाच्या जप्तीत लिलावाआधी बँकेशी समोरासमोर बोलणे घडवून आणणारा न्यायालयाचा कार्यक्रम या शहरात २००८ पासून चालू आहे. यजमानांना सुरुवातीला हा परिच्छेद पटला नव्हता. ते म्हणाले, "आपणच त्यांना न विकण्याचा रस्ता दाखवतोय." मी म्हटले, तो रस्ता नंतर कळला तर तो माणूस आयुष्यभर आपल्याला फसवणारेच समजेल. परिच्छेद राहिला.

डिसेंबर ते मार्च मी ८६ पत्रे पाठवली. अकरा उत्तरे आली. त्यांतली चार फक्त आभाराची होती, त्या मदतवाहिनीबद्दल. एक उत्तर नॉर्थ कॅरोलिनातून आले, दोन भावंडांचे. जर्मनटाऊनमधले आईचे घर, वारसांची कायदेशीर प्रक्रिया २०२२ मध्ये पूर्ण झालेली, दोघांच्या नावावर खरेदीखत झालेले, आणि तेव्हापासून बंद. दर हिवाळ्यात नळ गोठेल या धास्तीने धाकटा भाऊ आठ तास गाडी चालवून यायचा. हे घर विकतच्या यादीत ४१ गुणांवर, खाली कुठेतरी पडलेले होते, कारण कर वेळेवर भरलेला होता आणि इमारत विभागाची नोटीस नव्हती. माझ्या लेखी सर्वांत खरी अडचण त्याच घरात होती. मी त्यांना शहराचे मूल्यांकन, त्याच गल्लीतल्या वर्षभरातल्या तीन विक्रींच्या रकमा, आणि कंत्राटदाराने दिलेला छत, विजेच्या तारा आणि बॉयलर यांच्या खर्चाचा अंदाज, असे तीनही कागद पाठवले आणि दलालामार्फत विकले तर हातात किती पडेल याचाही हिशेब मांडून दिला. तो आकडा माझ्या बोलीपेक्षा सुमारे अकरा हजार डॉलरने जास्त होता. त्यांनी एक आठवडा घेतला, आपल्या वकिलाला विचारले आणि घर आहे तसे, आतल्या सामानासकट, मेमध्ये १ लाख ३४ हजार डॉलरला आम्हाला दिले. शहर आणि राज्य मिळून ४.२७८ टक्के हस्तांतरण कर होता, तो निम्मा-निम्मा भरला. थोरल्या बहिणीने आईचे शिवणयंत्र तेवढे मागून घेतले.

या सेवांचा मोठा ग्राहकवर्ग आमच्यासारखा नाही, हेही सांगितले पाहिजे. तो आहे 'होलसेलर'. तो मालकाशी कमी भावात साठेखत करतो आणि स्वतः घर न घेता ते साठेखतच तिसऱ्याला चढ्या भावाने विकतो. मालकाला बहुधा वाटत असते की समोरचाच माणूस घर घेणार आहे. या व्यवहारात फसलेल्या वृद्धांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फिलाडेल्फियाने होलसेलरसाठी परवाना बंधनकारक केला, आणि पेनसिल्व्हेनिया राज्याने २०२४ चा कायदा क्रमांक ५२ करून जानेवारी २०२५ पासून राज्यभर त्यासाठी रिअल इस्टेटचा परवाना, लेखी खुलासा आणि मालकाला साठेखतानंतर तीस दिवसांपर्यंत, किंवा त्याआधी खरेदीखत झाले तर तोवर, माघार घेण्याचा हक्क दिला. माझ्या सेवेच्या पेनसिल्व्हेनियासाठीच्या तयार करारनाम्यात हा माघारीचा हक्क मार्चपर्यंत घातलेला नव्हता. तो करारनामा भरवशाने वापरणारा माणूस कायदा मोडत होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हते. ही चूक मी कळवली. एप्रिलमध्ये नमुना बदलला, त्याबद्दल त्यांना श्रेय देते.

सेवेतल्या चांगल्या बाजू दोन. पहिली म्हणजे नकाशावर रस्त्याने फिरताना पाहिलेली घरे नोंदवून ठेवण्याची सोय. कोणत्या गल्लीत कधी गेले, छताचा फोटो, शेजाऱ्याने काय सांगितले, हे एका जागी राहते आणि शनिवारची फेरी आखायला उपयोगी पडते. दुसरी म्हणजे ज्या काउंटीची दप्तरे अशी एका पानावर उघडत नाहीत, तिथे एकत्र माहितीला काही किंमत आहे. शेजारच्या राज्यातल्या एका लहान काउंटीत मी तिचा उपयोग केला आणि वेळ वाचला. या दोन गोष्टींसाठी मी पाचपैकी दोन तारे देते. फिलाडेल्फियात काम करणाऱ्याने मात्र आधी महिनाभर अॅटलस, मूल्यांकन कार्यालय आणि कर खाते ही तीन पाने उघडून एक भाग पायी पिंजून काढावा. त्यानंतरही यादी घ्यावीशी वाटली तर एकाच महिन्याची घ्यावी, वार्षिक वर्गणी घेऊ नये. यादी घेतल्यास तिची पहिली पन्नास घरे हाताने तपासावीत आणि मगच फोन शोधण्याचे पैसे भरावेत. 'प्री-प्रोबेट' गट उघडूच नये.

वर्गणी बंद करताना थोडा त्रास झाला. ॲपमध्ये तसे बटण नव्हते, फोन करावा लागला, आणि तीन महिने निम्म्या दरात देण्याचा आग्रह दोनदा ऐकावा लागला. बंद करण्याआधी आपण स्वतः लिहिलेल्या नोंदी आणि फोटो उतरवून घ्यावेत, नंतर ते मिळत नाहीत; माझी पन्नासेक घरांची टिपणे मी आता साध्या तक्त्यात ठेवली आहेत. जूनमध्ये त्यातून नऊ पत्रे गेली. दोन पत्रे टपाल खात्याची पिवळी पट्टी लागून परत आली, म्हणजे त्या मालकांचा शहराच्या दप्तरातला पत्ताही आता जुना झाला आहे. येत्या शनिवारी त्या दोन गल्ल्यांत जाऊन समोरच्या घरांची दारे वाजवायची आहेत.